थांबायचं कळणारं सॉफ्टवेअर

मी पोचले तेव्हा भास्करराव फोनवर कुणाला तरी पटवत होते की रशीद चोर नाही.

वणीहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. समोर मोठं आवार, आवारात ट्रक आणि ऑफिसच्या खिडकीला लागूनच काटा. काटा म्हणजे ट्रकचं वजन करणारा, जमिनीत बसवलेला लोखंडी प्लॅटफॉर्म. ट्रक आधी रिकामा येऊन त्यावर उभा राहतो. मग कोळसा भरून आला की पुन्हा उभा राहतो. भरलेल्या वजनातून रिकामं वजा केलं की कोळशाचं वजन मिळतं. सगळा धंदा या एका वजाबाकीवर चालतो.

त्या दिवशी वजाबाकी बरोबर होती, टायपिंग चुकलं होतं. आकडा भरताना दोन अंकांची अदलाबदल झाली. त्यामुळे कागदावर कोळसा जास्त दिसत होता आणि रशीदच्या ट्रकमध्ये त्यापेक्षा बराच कमी निघाला. माल घेणाऱ्या कंपनीच्या गेटवर गाडी अडवली. रशीद सकाळपासून तिथल्या वॉचमनच्या खोलीत बसून होता.

दुपारनंतर प्रकरण मिटलं. काट्याची मूळ स्लिप पाठवली, तिकडच्यांनी गाडी पुन्हा तोलली, चूक कुठे झाली ते सगळ्यांना कळलं. संध्याकाळी रशीद परत आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. माठातलं पाणी प्यायला आणि दारातच उभा राहिला. गाडी अडल्याचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. ड्रायव्हरची गाडी कुठे ना कुठे अडतेच. पण गेटवर कुणीतरी त्याचा फोटो काढला होता आणि 'कोळसा चोर' असं लिहून ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर टाकला होता.

"गलती टाइप करनेवाले की, और फोटो मेरा," तो मला म्हणाला. मी त्याला ओळखतही नव्हते, पण ऑफिसात नवीन माणूस मीच होते, म्हणून मला सांगितलं असावं.

टाइप सुनीता राठोडने केलं होतं. ती शेजारच्याच टेबलावर होती. तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही.

मी यवतमाळची. आमच्या घरात सगळे नोकरदार; आजोबा कचेरीत, वडील शाळेत. मी कम्प्युटरच्या मागे लागले. छोट्या ऑफिसांना सॉफ्टवेअर निवडून देणं, बसवून देणं आणि बिघडलं तर दुरुस्त करणं, हे माझं काम. स्वतः कुठलंच सॉफ्टवेअर विकत नाही. म्हणून लोक माझं ऐकतात, निदान ऐकून तरी घेतात. भास्कररावांनी मला आधीच बोलावलं होतं, टायपिंगचं काम कमी करणारं काही मिळतं का ते बघायला. योगायोगाने मी पोचले त्याच दिवशी हे झालं. त्यामुळे 'बघायला' हा शब्द गेला आणि 'लगेच' हा शब्द आला.

"विद्याताई, माणूस आहे म्हणजे चुकनच," ते म्हणाले. "मले माणूसच नाही पाह्यजे याच्यात. मशीन आणा. कायले मी रोज कोणाचे पाय धरू?"

हे ते सुनीतासमोर आणि तिच्यासोबत टायपिंग करणाऱ्या प्रफुल्लसमोर बोलले. भास्करराव मनाने वाईट नाहीत. पण मनात आलेलं त्यांच्या तोंडातून थेट बाहेर पडतं.

सॉफ्टवेअर शोधण्याआधी मी एक काम नेहमी करते. खुर्ची घेऊन टाइप करणाऱ्याच्या मागे बसते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी सुनीताच्या मागे बसले.

ट्रक काट्यावर आला की ती काट्याच्या प्रोग्राममध्ये गाडी नंबर आणि ड्रायव्हरचं नाव टाकायची. वजन आपोआप यायचं. स्लिप छापली जायची. मग तीच माहिती माल घेणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवर, म्हणजे त्यांच्या वेबसाइटवर, पुन्हा भरायची. मग तीच माहिती तिसऱ्यांदा, ऑफिसच्या बिलाच्या प्रोग्राममध्ये. हे संपेपर्यंत पुढचा ट्रक काट्यावर हॉर्न वाजवत असायचा. मे महिना होता. कूलरमधून गरम वारा येत होता आणि कीबोर्डच्या बटणांवर कोळशाची बारीक भुकटी बसत होती. सुनीता दर थोड्या वेळाने ती ओढणीने पुसायची.

वाचणाऱ्याच्या मनात येईल की तिन्ही प्रोग्राम एकमेकांना जोडून का टाकत नाहीत. माझ्याही मनात आलं. पण काट्याचा प्रोग्राम जुना, बनवणारा केव्हाच धंदा बंद करून गेलेला. पोर्टल दुसऱ्या कंपनीचं, ते आपल्यासाठी काही बदलणार नाहीत. बिलाचा प्रोग्राम भास्कररावांच्या साडूच्या मुलाने बनवलेला, त्याला हात लावायचा तर आधी साडूंना विचारावं लागणार.

अशा वेळी एकच वाट उरते. तिला डेस्कटॉप ऑटोमेशन म्हणतात. शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे. कम्प्युटरवर एक असं सॉफ्टवेअर बसवायचं जे माणसासारखं वागेल. स्वतः खिडकी उघडेल, चौकटीत जाईल, टाइप करेल, बटण दाबेल. बाकीच्या प्रोग्रामना कळणारही नाही की समोर माणूस नाही.

जेवणाच्या सुट्टीत सुनीताने डबा उघडला, मला अर्धी भाकर दिली आणि विचारलं, "ताई, तुमचं मशीन आलं की आमचं काय?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "माहीत नाही."

तिने मान हलवली. मग सांगितलं की तिचं माहेर पुसदकडच्या तांड्यावर आहे. तिच्या घरात बाहेर जाऊन कम्प्युटरवर काम करणारी ती पहिली. तिची याडी, म्हणजे आई, गावात सगळ्यांना सांगते की माझी पोरगी ट्रक मोजते. "रशीदभाईचं मले रात्रभर डोक्यात होतं," ती म्हणाली. "त्याईच्या घरी जाऊन माफी मांगली म्या सकाळी. ते म्हणे, चाय पी के जा." एवढं बोलून ती पुन्हा कीबोर्ड पुसायला लागली.

पहिलं सॉफ्टवेअर प्रफुल्लने आणलं. तो उत्साही माणूस, त्याला त्या खुर्चीचा कंटाळा आलेला होता आणि इंटरनेटवर तो काही ना काही शोधत असायचा. हे सॉफ्टवेअर फुकट होतं. आपण एकदा काम करायचं, ते माऊसची प्रत्येक हालचाल लक्षात ठेवतं, मग तीच हालचाल जशीच्या तशी करत राहतं. बिलाच्या प्रोग्राममध्ये आधीच भरलेल्या यादीतून कॉपी कर, पोर्टलवर क्लिक कर, पेस्ट कर, एंटर दाब. याला रेकॉर्डर म्हणतात.

खरं सांगते, सकाळी ते बघायला मजा आली. माऊसचा बाण आपोआप पळत होता. चौकटी भरत होत्या. प्रफुल्ल हात बांधून बसला होता. ड्रायव्हर लोक खिडकीतून डोकावून जात होते. भास्कररावांनी चहा मागवला आणि मला म्हणाले की हे फुकटात होत असेल तर तुम्हाला यवतमाळहून कशाला बोलावलं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा.

संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं नाही. भास्कररावांच्या पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं. मंडपाचे फोटो मोबाइलवर लहान दिसतात म्हणून त्यांनी त्याच कम्प्युटरवर व्हॉट्सअॅप उघडलं, फोटो पाहिले आणि तसंच उघडं ठेवून बाहेर कुणाशी तरी बोलायला गेले. रेकॉर्डरला स्क्रीनवर काय आहे ते दिसत नाही. त्याला फक्त जागा माहीत असते. वरून इतकं खाली, डावीकडून इतकं आत, तिथे क्लिक. त्या जागी पोर्टलची चौकट होती. आता तिथे घरच्या ग्रुपची मेसेज लिहायची जागा होती.

प्रफुल्ल चहा घेत होता. सुनीता काट्यावर गेली होती. मी यवतमाळला फोनवर बोलत होते. सॉफ्टवेअर मन लावून काम करत राहिलं. गाडी नंबर, एंटर. देवराव मडावी, एंटर. भरलेलं वजन, एंटर. रिकामं वजन, एंटर. मग पुढची गाडी.

आम्हाला कळलं ते भास्कररावांचा मोबाइल वाजत राहिला म्हणून. ते आत आले तेव्हा चेहरा गोंधळलेला होता. नागपूरच्या मामांनी ग्रुपवर विचारलं होतं की हे वजन कोणाचं आहे. कुणीतरी उत्तर दिलं होतं, केटररचं असेल. नवरीच्या आत्याने लिहिलं होतं, 'देवराव मडावी म्हणजे मुलाकडचे का? त्यांची उतरायची सोय कुठे केली?' आणि वराच्या आईने, ज्या त्या ग्रुपमध्ये नुकत्याच घेतल्या गेल्या होत्या, फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

भास्कररावांनी सगळं वाचलं. मग खाली बसले. आधी सुनीता हसली, तोंडावर ओढणी धरून. मग ते स्वतः इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या संध्याकाळी त्यांनी आत्याबाईंना फोन करून समजावलं की देवराव मडावी आमचा ड्रायव्हर आहे. आत्याबाई म्हणाल्या, मग त्याला आमंत्रण द्या, आता नाव आलंच आहे तर.

रेकॉर्डर काढून टाकला. तो वाईट नव्हता. ज्या कामात स्क्रीन कधी हलत नाही आणि चूक झाली तर कुणाचं नुकसान होत नाही, तिथे तो चालतो. काट्यावर चालत नाही.

दुसरं सॉफ्टवेअर नागपूरहून आलं, माणसासकट. सौरभ नावाचा तरुण, इस्त्रीचा शर्ट, सोबत लॅपटॉप. भास्कररावांना कुठल्यातरी व्यापारी मेळाव्यात त्यांची माहिती मिळाली होती. त्याने भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि डेमो दाखवला. स्क्रीनच्या कोपऱ्यात निळा रोबोट होता. तो डोळे मिचकावायचा आणि काम झालं की अंगठा दाखवायचा. ट्रकांची खोटी यादी, खोटं पोर्टल, सगळं त्याने घरूनच आणलेलं होतं, आणि ते वाऱ्यासारखं पळत होतं.

"हे पाह्यजे," भास्करराव म्हणाले.

मी सौरभला म्हटलं की आता हेच आपल्या कम्प्युटरवर, आपल्या काट्याच्या प्रोग्रामवर दाखव. तो तयार झाला. मुलगा प्रामाणिक होता, हे मी सांगितलंच पाहिजे.

आमचा कम्प्युटर जुना. रोबोट उघडायलाच वेळ लागला आणि डोळे मिचकावताना अडखळायला लागला. पण खरी अडचण वेगळीच होती. काट्याच्या प्रोग्राममध्ये वजन लाल आकड्यांत दिसतं, जुन्या डिजिटल घड्याळासारखं. ते आकडे म्हणजे अक्षरं नाहीत, चित्र आहे. चित्रातून आकडा ओळखावा लागतो. सॉफ्टवेअर ते करू शकत होतं, बहुतेक वेळा बरोबर करत होतं. पण आमचा मॉनिटर जुना, कमी ठिपक्यांचा; त्यावर आकडे इतके ओबडधोबड उमटायचे की आठ आणि शून्य जवळजवळ सारखे दिसायचे. माझ्यासमोर त्याने एका आठाचं शून्य केलं आणि रोबोटने अंगठा दाखवला.

मी सौरभला विचारलं, "याला आकडा नीट कळला नाही, तर हे काय करतं?"

"जो सगळ्यात जवळचा वाटतो तो घेतं, मॅडम. काम थांबत नाही. तेच तर आमचं वैशिष्ट्य आहे."

"आणि थांबवायचं असेल तर?"

तसं करता येतं, तो म्हणाला. पण त्यासाठी त्यांच्या टीमला कळवावं लागेल, त्यांचा माणूस जोडणी बदलून देईल. पोर्टलचं रूप बदललं तरी तसंच. पोर्टलचं रूप तर दर काही आठवड्यांनी बदलायचं. कधी बटण इकडचं तिकडे, कधी एखादी नवीन चौकट. म्हणजे दर वेळी नागपूरला फोन, आणि तोपर्यंत रांगेत ट्रक.

सौरभ आमच्याबरोबर जेवला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला की मॅडम, मोठ्या ऑफिसात, जिथे स्वतःची कम्प्युटरची माणसं असतात, तिथे आमचं सॉफ्टवेअर खरंच चांगलं चालतं. मी म्हटलं, मला माहीत आहे. तेही खरंच होतं.

भास्कररावांना मात्र ते पटेना. त्यांना रोबोट आवडला होता. नवीन कम्प्युटर घेऊ, नवीन मॉनिटर घेऊ, पण हेच घेऊ, असं त्यांचं चाललं होतं. मी त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यापर्यंतचा वेळ मागितला.

तिसरं सॉफ्टवेअर माझ्या ओळखीचं होतं. दिसायला अगदी सामान्य. रोबोट नाही, रंग नाहीत. त्याला काय करायचं ते साध्या ओळींमध्ये लिहून द्यावं लागतं. ते जागा बघून क्लिक करत नाही, नाव बघून करतं. म्हणजे 'पोर्टल' नावाची खिडकी समोर आहे का, तिच्यात 'गाडी क्रमांक' नावाची चौकट आहे का, असेल तरच भरायचं. समोर लग्नाचे फोटो असतील तर हात लावायचा नाही.

लाल आकड्यांचा प्रश्न मात्र याच्यापुढेही होताच. त्यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की प्रोग्राम जी स्लिप छापतो ती प्रिंटरला चित्र म्हणून नाही, अक्षरं म्हणून जाते. तो मजकूर वाटेतच वाचता आला तर चित्र ओळखायची गरजच नाही. तसं केलं. आठ हा आठच यायला लागला.

नंतरचं काम मी सुनीताला घेऊन केलं. कारण सरळ होतं. मी यवतमाळला परत जाणार होते, मारेगाव-करंजी करत एस.टी.ने रोज यायला मला जमणार नव्हतं. पोर्टल बदललं की ओळ बदलणारं माणूस या खोलीतच असायला हवं होतं. पहिल्या दिवशी ती घाबरली. माझ्याच हातून बिघडलं तर, म्हणाली. मी तिला मुद्दाम बिघडवायला लावलं आणि पुन्हा दुरुस्त करायला लावलं. तिसऱ्या बिघाडानंतर तिची भीती गेली.

आम्ही त्यात थांबायच्या जागा लिहिल्या. खिडकी सापडली नाही तर थांब. गाडी नंबर अर्धवट असेल तर थांब. आणि प्रत्येक ट्रकचं रिकामं वजन साधारण ठरलेलं असतं. त्यात फार फरक दिसला तरी थांब. थांबलं की स्क्रीन पिवळी होते आणि कारण लिहून येतं. माणसाने बघून 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाही.

भास्कररावांना हे दाखवलं तेव्हा ते नाराज झाले.

"ताई, मले पळणारं पाह्यजे. तुम्ही तं थांबणारं आणलं. थांबायले माह्याजवळ माणसं कमी आहेत काय?"

मी म्हटलं, एक दिवस चालवून बघा. नाही पटलं तर सौरभला मी स्वतः फोन करते.

त्या दिवशी काट्यावर गर्दी होती. सकाळपासून गाड्या एकामागून एक जात होत्या आणि सॉफ्टवेअर काही न बोलता भरत होतं. सुनीता नुसती बघत बसली होती. भास्करराव मागे उभे होते, काही चूक सापडते का ते बघत. मी घड्याळ बघायचं टाळत होते.

अकराच्या सुमारास किसन नावाच्या ड्रायव्हरचा रिकामा ट्रक काट्यावर आला आणि स्क्रीन पिवळी झाली. 'रिकामं वजन नेहमीपेक्षा जास्त.' मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग तिच्या मागच्या गाडीने.

"झालं सुरू," भास्करराव म्हणाले. "गाडी रिकामी आहे, दिसून राह्यली इथून. काहून थांबवली? करा ठीक आहे."

सुनीताने बटणावर बोट ठेवलं होतं. मला वाटलं ती दाबेल. मालक मागे उभा, बाहेर रांग, मी असते तर कदाचित दाबलं असतं. तिने बोट काढलं. "पाहून येतो, साहेब," म्हणाली आणि बाहेर गेली.

खिडकीतून दिसलं ते एवढंच. ती ट्रकजवळ गेली, चाकावर पाय ठेवून वर चढली, मागच्या डाल्यात, म्हणजे माल भरायच्या हौद्यात, डोकावली आणि तशीच राहिली. तिचे खांदे हलत होते. मला आधी कळलं नाही की ती हसते आहे.

भास्करराव बाहेर गेले, त्यांच्या मागे मी. किसनने डाल्याची फळी खाली केली. आत एक अख्खी बँड पार्टी बसली होती. लाल कोट, सोनेरी झालर, मांडीवर ढोल, मोठा पितळी भोंगा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर उन्हासाठी ओले टॉवेल. चंद्रपूरकडून येताना वाटेत त्यांची गाडी बंद पडली होती. वणीत त्यांना दुपारी वरात होती. किसनला दया आली, त्याने सगळ्यांना उचललं आणि त्यांना गावात सोडायच्या आधी काट्यावर नंबर लावून घेऊ म्हणून सरळ इकडे आला. काट्यावर गुपचूप बसा, एवढं त्याने त्यांना सांगितलं होतं. ते बिचारे श्वास रोखून बसले होते, जणू काही श्वासानेच वजन वाढणार होतं.

बँडच्या मास्तरांनी बसल्या बसल्या भास्कररावांना सलाम केला.

हसून झाल्यावर मी हिशेब सांगितला, कारण तो सांगणं गरजेचं होतं. बँडचं वजन ट्रकच्या रिकाम्या वजनात धरलं गेलं असतं. मग बँड वणीत उतरला असता, कोळसा भरला असता, आणि वजाबाकीत कोळसा कमी दिसला असता. गेटवर तोलल्यावर मात्र कागदापेक्षा जास्त कोळसा निघाला असता, बरोबर बँडच्या वजनाइतका. किसनला विचारलं असतं, हा जादा कोळसा कुठला, आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. बँड तर केव्हाच नवरदेवापुढे वाजत असता.

भास्कररावांना पुढचं सांगावं लागलं नाही. ते किसनकडे वळले. मला वाटलं आता ओरडतील. ते फक्त म्हणाले, "अरे बाबू, सांगायचं असतं. मी काय नाही म्हणलो असतो?" मग बँडवाल्यांना उतरवून कडुलिंबाखाली बसवलं, पाणी दिलं, आणि दुसरी जीप करून गावात पाठवायची सोय केली. ट्रक पुन्हा तोलला. वजन नेहमीचं आलं, स्क्रीन पांढरी झाली, सॉफ्टवेअर पुढे निघालं.

जीप येईपर्यंत मास्तरांनी आभार म्हणून एक गाणं वाजवलं. काट्याच्या आवारात, भर उन्हात. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरले. दोघे नाचले. त्यात रशीद नव्हता, पण तो बॉनेटला टेकून टाळ्या वाजवत होता.

आत आल्यावर भास्कररावांनी स्क्रीनसमोर बसून पुढच्या दोन गाड्या भरताना पाहिल्या. मग मला म्हणाले, "घ्या मंग हेच. पण याच्यात तो रोबोट बसवता येते का, कोपऱ्यात?"

प्रफुल्लने दुसऱ्या दिवशी एक चित्र शोधून बसवून दिलं. ते काही करत नाही.

राहिला माणसांचा प्रश्न. तो मी त्याच दिवशी काढला, मालकाचा मूड चांगला होता तोवर. मी त्यांना म्हटलं की हे सॉफ्टवेअर टिकायचं असेल तर त्याच्या ओळी लिहिणारं माणूस टिकलं पाहिजे, आणि ते माणूस सुनीता आहे. भास्करराव म्हणाले की तिला काढायचं ते कधी म्हणालेच नव्हते. मी वाद घातला नाही. प्रफुल्लने स्वतःच सांगितलं की त्याला बाहेर आवारात काम द्या, गाड्यांची रांग लावायचं. तो आता दिवसभर उन्हात शिट्टी वाजवत फिरतो आणि पूर्वीपेक्षा खुश आहे. सुनीताच्या खुर्चीसमोर टाइप करायचं काम फार उरलेलं नाही. पोर्टलचं बटण इकडचं तिकडे झालं की ती स्वतः ओळ बदलते. मध्यंतरी तिने थांबायची एक नवी जागा लिहिली आणि मला फोनवर वाचून दाखवली. माझ्यापेक्षा नीट लिहिली होती की नाही ते सांगत नाही, चालते आहे.

मला या कामातून जे कळलं ते थोडं आहे. सॉफ्टवेअर विकणारा तुम्हाला ते काय काय करतं हे दाखवतो. ते बघाच. पण त्याला काही कळलं नाही तर ते काय करतं, हे विचारा. आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करेल, त्याचं नाव विचारा. ते नाव तुमच्याच ऑफिसातलं असेल तर उत्तम. बाकी ते दिसायला कसं आहे याला फार महत्त्व नाही.

गेल्या महिन्यात ढाणकीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. भास्कररावांकडे ऐकलं म्हणाले, आम्हालाही तेच सॉफ्टवेअर पाह्यजे, लवकर या. मी विचारलं, काम काय आहे. ते म्हणाले, काम अजून ठरायचं आहे, आधी सॉफ्टवेअर येऊ द्या. मी म्हटलं, काम ठरलं की फोन करा.

अजून आलेला नाही.